हातावरचं औषध

टेलरबाईंच्या मापात सुताचाही फरक पडत नसे, आणि हे त्या कुणी न विचारता चारचौघांत सांगत. म्हणूनच आज जनावरांच्या डॉक्टरांसमोर त्यांना बोलायची लाज वाटत होती. त्यांचा कुत्रा, साहेब, चांगला नऊ वर्षांचा नर. आणि त्याचे सड सुजले होते, पोटाखालचे केस झडले होते, हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"सासूबाई म्हणतात, साहेबाला डोहाळे लागलेत," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. रक्ताचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला. "घरात कुणी हार्मोनचं औषध लावतं का? जेल, मलम, असलं काही?"

"मी लावते. गेल्या वर्षी अंडाशयं काढली. अंगातून नुसत्या वाफा निघायच्या. रोज दुपारी अंघोळ झाली की या हाताला जेल चोळते."

"हा हात चाटतो?"

"चाटतो की. लाडोबा आहे."

"बाई, ते तुम्हाला औषध. त्याच्या पोटात जाऊन जाऊन त्याचं रक्त बनायचंच थांबलंय. आता फार काही करता येणार नाही." डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारला. "घरात लहान मूल आहे?"

बाईंनी तो हात पदराखाली ओढून घेतला. चाळिशीला टेकल्यावर झालेली त्यांची चार वर्षांची लेक रोज दुपारी याच हातावर गाल टेकून झोपायची.

त्यांना लेकीचा फ्रॉक आठवला. दोन महिन्यांत दोनदा त्यांनी छातीची शिवण उसवून सैल केली होती. "पोर अंग धरतेय हो," असं शेजारणीला कौतुकानं सांगितलंही होतं. खांद्याची शिवण मात्र जागची हलली नव्हती. कंबर तीच, उंची तीच. दुसऱ्या कुणाचं माप असतं तर बाईंनी टेप खाली ठेवून आधी विचारलं असतं, हे असं कसं? पोटच्या पोरीच्या वेळी मात्र डोळ्यांवर कातडं ओढलं. औषधाच्या खोक्यातला कागद तर त्यांनी न वाचताच फेकला होता. चोळायचं तर आहे, त्यात वाचायचं काय!

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला तपासलं. जेल अंगाला लागायचं थांबलं की छातीची सूज बहुधा उतरेल, हाडं वयाआधीच पिकत नाहीत ना यावर मात्र वर्षभर लक्ष ठेवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. तो 'बहुधा' बाई घरापर्यंत घोकत आल्या.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब गेला.

त्या दुपारी लेक नेहमीसारखी चटईवर आली. बाईंनी मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या घातल्या होत्या. आतला हात घासून घासून सालपटला होता.

"हात दे," लेक म्हणाली.

"हात नाही. उशी घे."

"साहेबानं चाटला म्हणून?"

"नाही गं. हात बरा नाहीये."

लेकीनं जरा विचार केला आणि आपला काडीएवढा हात चटईवर पसरला. "मग तू माझ्या हातावर झोप."

बाई तिच्या शेजारी आडव्या झाल्या, पण डोकं टेकवायची त्यांची छाती झाली नाही. लेक झोपेपर्यंत त्या मान अधांतरी धरून तशाच पडून राहिल्या.