दुलोच्या पोटावरची नळी

मी एक नळी बोलतेय. वीतभर लांब, करंगळीपेक्षाही बारीक, पांढुरकी आणि मऊ. माझ्या एका टोकाला चकती आहे, ती दुलोच्या पोटात असते. दुसऱ्या टोकाला झाकण आहे, ते त्याच्या सदऱ्याखाली असते. त्यामुळे त्याच्या आत काय चालले आहे तेही मला कळते आणि घरात काय शिजते आहे तेही.

माझ्या जन्माचे सांगण्यासारखे फारसे नाही. कारखान्यात आम्ही सगळ्या बहिणी एकसारख्या. पाकिटात बंद होऊन मी इलोइलो या समुद्रकाठच्या शहरातल्या एका इस्पितळाच्या कपाटात येऊन पडले. डॉक्टरीणबाई मला पाकिटासकट कपाटातून काढून माणसांपुढे ठेवायच्या आणि माणसे नजर फिरवायची. मला वाटायचे, मी एवढी कुरूप आहे का? मग हळूहळू कळले की त्यांना माझी भीती नव्हती. मी घरात आले म्हणजे ताट गेले, अशी त्यांची समजूत होती.

दुलोचीही तीच होती.

दुलो समोरच्या बेटावर माणसे नेणारी होडी चालवायचा. दुपारी होडी धक्क्याला लागली की तो केळीच्या पानातला भात आणि सुकी मासळी उघडायचा. पण पहिला घास घेण्याआधी अख्ख्या होडीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "या जेवायला!" भात एकट्यापुरता, बोलावणे सगळ्यांना. उतारू हसून म्हणायचे, "बसा, बसा, आमचं झालंय." कुणी येत नसे. पण इथे विचारल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. घरासमोरून भांडलेला शेजारी जात असला तरी त्यालाही विचारायचे.

हे मी पाहिलेले नाही. शेजारीच राहणारी दुलोची थोरली बहीण पासिंग इतक्या वेळा सांगते की मला पाठ झाले आहे.

मग दुलोची जीभ जड झाली. शब्द एकमेकांत अडखळू लागले. दारूला कधी न शिवलेल्या माणसाला उतारू विचारू लागले, "सकाळी सकाळीच का, मानोंग?" वयाने मोठ्या पुरुषाला इथे मानोंग म्हणतात, बाईला मानांग. तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळाले, मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा यात एकेक करून थकत जातात. दुलोच्या बाबतीत सुरुवात जिभेपासून आणि घशापासून झाली. हातपाय अजून ऐकत होते. ओठ मात्र सैलावले. इथली माणसे बोट दाखवत नाहीत, ओठांचा चंबू करून वस्तू दाखवतात. तेही त्याला जमेना. राहिल्या फक्त भुवया. इथे 'हो' म्हणायला तोंड लागत नाही, भुवया उचलल्या की झाले.

डॉक्टरीणबाईंनी मला त्याच्यासमोर ठेवले, तो दिवस मला आठवतो.

"मानोंग, बघा तरी. एवढीशी आहे."

दुलोने मला कोपराने दूर सरकवले.

"हातात घे ना, चावत नाही ती," त्याची बायको बासियोन म्हणाली.

तो घशातून काहीतरी बोलला. ते फक्त तिलाच कळले. ती ओशाळून म्हणाली, "डॉक्टर, तो विचारतोय, मी काय होडीची टाकी आहे का, नळीने भरायला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "बरं, टाकी रिकामी ठेवून तुम्ही कधी समुद्रात गेलात का?"

दुलोच्या भुवया हलल्या नाहीत. मग बाई गंभीर झाल्या. श्वासाचे स्नायू फार थकले की नळी बसवणेच धोक्याचे होते, म्हणून अंगात ताकद आहे तोवरच ठरवायला हवे, हे त्यांनी समजावले. तो उठून चालू लागला. मी पुन्हा कपाटात गेले.

पण तो परत आला. का आला, ते बासियोनने डॉक्टरीणबाईंना सांगितले तेव्हा मी ऐकले. घरी ती त्याला पातळ पेज भरवायची. एक चमचा, मग ठसका, डोळ्यांत पाणी, चेहरा काळानिळा. पुन्हा एक चमचा. अर्धी वाटी संपेपर्यंत दुपार कलायची. एक दिवस त्याने तिच्या ताटाकडे पाहिले. भात गार होऊन त्यावर मुंग्या चढल्या होत्या.

"मला भूकच नाही रे," ती म्हणाली.

त्याने तिच्या गळ्याजवळच्या वर आलेल्या हाडांवरून बोट फिरवले. मग स्वतःच्या पोटावर एक टिंब काढले आणि भुवया उचलल्या.

मला बसवले तेव्हा त्याला गुंगी दिली होती. तोंडाच्या वाटेने मी एकदाच गेले. जिभेवरून, घशातून खाली उतरले आणि पोटाला पाडलेल्या लहानशा छिद्रातून बाहेरच्या उजेडात आले. त्या वाटेवर मी त्याच्या जिभेला मनातल्या मनात सांगितले, तू आता आराम कर, बाकीचे मी बघते.

आधी माझ्यातून पाणी सोडले, मग दूध, मग घरची पेज. परिचारिकेने बासियोनला आणि मुलगी जोव्ही हिला सगळे शिकवले. त्याला टेकवून बसवायचे, बिनसुईची मोठी पिचकारी मला जोडायची, तिच्यातून आधी पाणी, मग अन्न, मग पुन्हा पाणी. तांदूळ, मासळी, शेवग्याचा पाला, सगळे बारीक वाटून गाळायचे. ठसका गेला. गालांवर मांस आले. त्या दोघी जेवायला मोकळ्या झाल्या. मला वाटले, माझे काम फत्ते.

पण घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. बासियोन आणि जोव्ही मागच्या स्वयंपाकघरात, दार लावून, उभ्या उभ्या जेवू लागल्या. मासळी तळायची असली की पासिंगच्या चुलीवर तळून आणायच्या. शेजारी अंगणात जेवत असले आणि दुलो फिरायला निघाला की ते ताट मांडीआड सरकवायचे. कुणी "या जेवायला" म्हणेना. सगळ्यांचे मनापासून चालले होते. ज्याला गिळता येत नाही त्याला बोलवायचे म्हणजे चिडवणे, आणि न बोलावता त्याच्यासमोर खायचे म्हणजे उद्धटपणा. मग लपणे हाच शिष्टाचार झाला.

दुलोला बंद दारामागचे चमच्यांचे आवाज ऐकू येत. तेव्हा त्याचे पोट आवळायचे. भुकेने नव्हे. भूक मी ओळखते.

मग गावचा सण आला, गावच्या संताचा. त्या दिवशी इथे प्रत्येक घराचे दार उघडे असते. ओळखीचा, अनोळखी, वाटेने जाणारा कुणीही आत येतो आणि जेवून जातो. बासियोनने मात्र त्या वर्षी काहीच रांधले नाही. दार लावून घेतले.

"ताताय, या वर्षी शांत बसू या हं," जोव्ही बापाला लाडाने म्हणाली. "गर्दीने दमाल तुम्ही."

 दुलो उठला. मीही सदऱ्याआड हिंदकळत निघाले. त्याने दाराची कडी काढली, टेबल ओढत दारात आणले, त्याच्या एका टोकाशी खुर्ची ठेवली आणि पेजेचे भांडे, पिचकारी, पाण्याचा पेला मांडला. सदरा वर करून मला बाहेर काढले. पिचकारी मला जोडून, पाणी सोडून, एका हाताने उंच धरली आणि दुसऱ्या हाताने तीत पेज ओतू लागला. भर रस्त्यावर, सणाच्या दिवशी!

मला लाज वाटली. पण तो निवांत ओतत राहिला, मग मीही ताठ झाले.

रस्त्याने परगावचे एक जोडपे चालले होते. दुलोने भांडे खाली ठेवले, घशातून मोठा आवाज काढला आणि टेबलावरून हात फिरवत भुवया उचलल्या. ती दोघे थबकली. बाईने माझ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि तिला कळले.

"बसा, बसा, मानोंग," ती हसली. "आमचं झालंय."

एवढेच. पण दुलोच्या पोटात जे काही इतके दिवस आवळलेले होते ते सैल झाले. पेज सरसर खाली उतरली.

त्याने पुन्हा आवाज काढला, आणखी मोठा. या वेळी नवऱ्याने बायकोकडे पाहिले. "एवढं बोलावतायत तर बसू या की." आणि ती दोघे खरोखरच आत येऊन बसली.

बासियोन धावत बाहेर आली. कुंपणापलीकडून पासिंग ओरडली, "बासियोन! नवऱ्याने गाव बोलावलंय, तुझ्या चुलीवर आहे काय?"

"त्याची पेज, मानांग!"

"मग पाहुण्यांनाही नळ्या बसव!"

टेबलाशी बसलेली बाई पोट धरून हसली. दुलोचे पोट असे गदगदले की मी सुटते की काय असे वाटले. मग कुंपणावरून पातेली येऊ लागली. पासिंगने तुरीचे दाणे, डुकराचे मांस आणि फणस घातलेले कालवण दिले, दुसऱ्या शेजारणीने चिकट भात, कुणी तळलेली मासळी. बासियोन किती तरी दिवसांनी दुलोच्या शेजारी बसून, ताट पुढ्यात घेऊन जेवली. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? मीठ कमी आहे का माझ्या कालवणात?" पासिंगने टोमणा मारला.

जोव्हीने तेच कालवण वाटून, दोनदा गाळून, पातळ करून माझ्यातून सोडले. तुरीची साले मला आवडत नाहीत, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही. थोड्या वेळाने दुलोला ढेकर आला, चांगला खणखणीत. त्याचे डोळे विस्फारले. चव ढेकराच्या वाटेने जिभेवर पोचली होती. पासिंग वाकून म्हणाली, "फणस लागला ना?"

भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या.

आता दुलोचे हातही थकले आहेत. श्वासासाठी यंत्राचा मुखवटा लावावा लागतो. हा आजार बरा होत नाही, आणि मी तो बरा करू शकत नाही. माझ्या जागी एक दिवस दुसरी नळी येईल, किंवा येणारही नाही. पण रोज दुपारी दार उघडे असते. बासियोन एका हाताने पिचकारी धरते, दुसऱ्या हाताने स्वतःचा घास घेते. एक त्याला, एक तिला.

माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण आली तर तिच्या माणसापासून ताटे लपवू नका. त्याच्या शेजारी बसा, वाढून घ्या, मीठ कमी-जास्त झाले म्हणून भांडा.

आणि कधी इलोइलोच्या किनाऱ्याने दुपारचे चालला असाल, आणि एखाद्या उघड्या दारात खुर्चीवर बसलेल्या माणसाने तुम्हाला पाहून भुवया उचलल्या, तर नजर फिरवू नका. तो तुम्हाला जेवायला बोलावतो आहे. झाले असेल तर तसे सांगा. नसेल, तर आत या.

त्याचे जेवण चालूच असेल, मी आहे ना.