कोरी चकती

मावशीच्या परसात उगवणाऱ्या त्या झुडपाला शास्त्रात लांबलचक नाव होतं, पण घरात सगळे त्याला 'मावशीचा पाला' म्हणत. कुणाला खरचटलं, भाजलं, की मावशी पाला ठेचून लावणार आणि वर उपदेश फुकट. साखरेच्या आजारानं तिच्या तळपायाला जखम झाली, तेव्हाही तिनं तोच लावला. डॉक्टरांनी स्पष्टच बजावलं होतं, गोळ्या चुकवल्या तर पाऊल काढावं लागेल.

भाचीनं मग पालाच प्रयोगशाळेत नेला. तिला मावशीनंच लहानाचं मोठं केलेलं. 'शास्त्रीणबाई' ही पदवीही मावशीचीच. तिनं पानं सावलीत वाळवली, पूड करून स्पिरिटमध्ये भिजत घातली आणि अर्क गाळला. त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य सापडलं, हलवल्यावर फेसही भरपूर आला. अल्कलॉइडसारख्या जालीम औषधी द्रव्याचा मात्र पत्ता नव्हता. मग जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत तिनं अर्कात बुडवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती स्वच्छ गोल कडं होतं. तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नव्हते. शास्त्रीणबाईंना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. तिनं तिथूनच फोन लावला.

"मावशी, तुझ्या पाल्यानं जंतू मेले गं!"

"मग? इतकी वर्षं मी काय झक मारत होते?"

पुढच्या आठवड्यात तिच्या मार्गदर्शक मॅडमनी बशीचे फोटो पाहिले. कौतुक राहिलं बाजूला.

"नुसत्या स्पिरिटची चकती कुठाय?"

ती ठेवलीच नव्हती. अर्काच्या चकत्याही घाईघाईत ओल्याच ठेवल्या होत्या.

प्रयोग पुन्हा झाला. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कोऱ्या चकतीभोवतीही तेवढंच कडं उमटलं. उलट अर्काची चकती वाळवून ठेवली, तर जंतू तिला अगदी खेटून वाढले. मारेकरी स्पिरिट होतं. पाला बिचारा नुसता हजर होता.

"होतं असं. फोटो टाकून दे, पुढच्या कामाला लाग," मॅडम म्हणाल्या. भाची मात्र तशीच मावशीकडे निघाली.

मावशी स्टुलावर पाय टाकून ऐसपैस बसली होती.

"गोळ्या घेतेस ना?"

"त्या तुझा फोन आला त्याच दिवशी बंद केल्या. घरात शास्त्रीणबाई असताना त्या विषाला कोण विचारतंय?"

"मावशी, माझं चुकलं. पाल्यानं काही होत नाही."

"नाही कसं? गुण आलाय मला. आधी रात्रंदिवस ठणका असायचा, आता दुखायचं नाव नाही."

भाचीनं खाली बसून पट्टी सोडली. पाल्याखाली जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या. तिला रडू येत होतं, पण तिनं ते आवाजात येऊ दिलं नाही.

"मी हात लावते. दुखलं तर सांग," ती म्हणाली आणि त्या काळ्या कडेवर तिनं अंगठा जोरात दाबून धरला.

मावशी तिच्या तोंडाकडे बघून हसली.

"लाव की. घाबरतेस कशाला?"