पाचपट दंडाची पावती

सकाळी साडेदहाला कचेरीची स्वतःचीच वेबसाइट बंद पडली, आणि अकराला सभा. आता बोला!

बरं, ही कचेरी साधीसुधी नव्हे. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट कॉम'सारखं एक शेपूट असतं ना, तसलं एक शेपूट सांभाळणं हेच तिचं काम. त्या शेपटाची अकरा हजार नावं होती: दुकानं, शाळा, दवाखाने, एक बँडवालासुद्धा. दरवर्षी शुल्क भरायचं. तीन ईमेल स्मरणपत्रांनंतरही विसरलात तर नाव बंद, आणि परत हवं असेल तर पाचपट दंड. हा नियम ताईंचा. ताई म्हणजे इथल्या व्यवस्थापक, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. गेल्या वर्षी सख्ख्या मामांच्या औषधदुकानाचं नाव बंद पडलं, तर त्यांच्याकडूनही पाचपट वसूल केले. त्या दिवसापासून मामांनी ताईंच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. आणि नेमके हेच मामा कचेरीचे नियम ठरवणाऱ्या समितीचे सभासद. दंड रद्द करायचा ठराव आज तेच मांडणार होते.

दंड गेला तर काय, हे ताईंना तोंडपाठ होतं. यंत्रं, वीज, पगार आणि परवाना देणाऱ्या जागतिक संस्थेची फी, एवढ्यातच शुल्काचा चट्टामट्टा होई. सगळ्या नावांची रोज एक प्रत दूरच्या एका त्रयस्थ कंपनीकडे जपून ठेवावी लागे, आणि तिचं भाडं निघे दंडातून. प्रत नाही तर परवाना नाही. परवाना नाही तर अकरा हजार जण उघड्यावर.

एवढ्यात तंत्रज्ञ पांढराफटक चेहरा करून आत आला. त्याला सगळे बोकोबा म्हणत.

"ताई, आपलंच शुल्क भरायचं राहिलं."

"आपलं? अरे, स्मरणपत्रं आली असतील की!"

"आली ना. तिन्ही आली. सूचनांच्या पेटीत."

ताई मटकन खाली बसल्या. अकरा हजार जणांना जाणाऱ्या प्रत्येक स्मरणपत्राची प्रत त्याच पेटीत येऊन पडे, म्हणून तर ती कोणी उघडतच नसे. अख्ख्या गावाला आठवण करून देणारे हे शहाणे, आणि स्वतःची आठवण त्याच ढिगात पुरून बसले होते. कचेरीला पूर्वी असलेली माफीसुद्धा ताईंनीच दोन वर्षांपूर्वी बंद केली होती.

बोकोबा हळूच म्हणाला, "आतून दोन बटणं दाबतो. कुणाला कळायचं नाही."

मोह झाला, खोटं कशाला बोला! मामांच्या हाती आयतं कोलीत द्यायचं म्हणजे काय. पण तो क्षणभरच.

"पाचपटीचं बिल काढ," ताई म्हणाल्या. "पैसे मी भरते. कचेरीच्या खात्याला हात लावायचा नाही."

अकराला मामा ठरावाचा कागद घेऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत ताईंनी पावती टेबलावर ठेवली आणि काय घडलं ते सगळं सांगून टाकलं. सभा खो खो हसली. ताईही हसल्या.

"हसा पोटभर," त्या म्हणाल्या, "पण दंड राहणार. यातूनच तुमची नावं सुरक्षित राहतात. मला माफ नाही, मग कुणालाच नाही."

मामा हसले नव्हते. चष्मा लावून त्यांनी पावती दोनदा वाचली.

"पैशाचं मला कधीच काही नव्हतं गं," ते सावकाश म्हणाले. "तीन पत्रं पाठवलीस म्हणे. मी दिवसभर गोळ्या मोजतो, मला कुठली दिसणार तुझी पत्रं? एक फोन केला असतास. मामा, नाव जातंय, एवढंच म्हणायचं होतंस."

दंडाचं समर्थन करायला घोकून आणलेले आकडे ताईंनी बाजूला ठेवले.

"चुकलं माझं, मामा," त्या सरळ म्हणाल्या. मग सभेकडे वळल्या. "आजपासून नाव बंद करायच्या आधी माणूस फोन करेल. प्रत्येकाला. महिन्याला चाळीसएक फोन होतील, तेवढे मी एकटी करेन."

मामांनी ठरावाचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला. जाताना दारात थांबले.

"रविवारी जेवायला येतो," ते म्हणाले. "पण विसरेन हं मी. शनिवारी फोन कर."