वाटीत उरलेली गोळी

मी पिंजरा क्रमांक चौदामधला उंदीर बोलतोय. मला नाव नाही, नंबर आहे. रंग पांढरा, डोळे लाल आणि पोटाचा घेर सांगण्यासारखा राहिलेला नाही. माझ्या पिंजऱ्याच्या पाटीवर कुणीतरी पेन्सिलीनं ‘खादाड’ असं लिहून ठेवलं होतं. ते मला फार लागलं. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं, पण प्रयोगशाळेत जन्मलं की थोडंफार शिक्षण होतंच.

आमच्या खोलीत सोळा पिंजरे, दोन रांगांत. आमची रांग सम नंबरांची, समोरची विषम. आमच्या रांगेच्या खाद्यात पीठ आणि साखर. प्रथिनं म्हणाल तर नावाला. समोरच्या रांगेच्या खाद्यात प्रथिनं भरपूर. वाट्या दोन्हीकडे काठोकाठ भरलेल्या, हवं तेवढं खा. प्रथिनांनी भूक कमी होते का आणि वजन वाढायचं थांबतं का, एवढंच आमच्या मॅडमना बघायचं होतं. तीन वर्षं त्या या प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या.

आता माझं ऐका. मी खायचो, पोट टम्म फुगायचं, पण आतून कुणीतरी म्हणायचं, अजून ते आलं नाही. काय आलं नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. ते शोधायला मी पुन्हा वाटीत तोंड घालायचो. समोर पंधरा नंबर राहायचा, सडपातळ आणि शहाणा. खाद्याच्या चार गोळ्या खायचा, मिशा पुसायचा आणि अर्धी वाटी तशीच टाकून झोपायचा. त्याचं ते तृप्त घोरणं ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमची देखभाल काकांकडे. सकाळी वाट्यांत उरलेलं तोलायचं, वहीत लिहायचं आणि नवं भरायचं, हे त्यांचं काम. माणूस मायाळू, पण वाटीत अन्न उरलेलं त्यांना बघवत नसे. लहानपणी ताट स्वच्छ केल्याशिवाय आईनं कधी उठू दिलं नव्हतं म्हणे, आणि साठी जवळ आली तरी तो धाक गेला नव्हता. मॅडमच्या बशीत राहिलेलं बिस्कीटही त्यांच्याच तोंडात जाई. त्यांचं माझ्यासारखंच होतं. दिवसभर चहा-बिस्किटं चालू आणि भूक आपली जागच्या जागी.

एका सकाळी त्यांनी पंधरा नंबरची वाटी हातात घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि एक गोळी तोंडात टाकली. मी बघतच राहिलो. मग दुसरी टाकली, आणि बघता बघता अख्ख्या रांगेच्या वाट्या साफ केल्या. रिकाम्या वाट्या काट्यावर ठेवून वहीत लिहिलं, ‘उरलं : शून्य’. तसं बघितलं तर त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

पुढे तो नेमच झाला. काकांचं अकराचं बिस्कीट सुटलं. डबा कमी भर, असं ते आयुष्यात पहिल्यांदा काकूंना म्हणाले. विजार कमरेवर राहीना, तेव्हा काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तीनदा काकांचं रक्त तपासून घेतलं, पण काही सापडलं नाही. उंदरांचं खाद्य रक्तात शोधायचं कुणाच्या डोक्यात येणार?

इकडे मॅडमची झोप उडाली. वहीप्रमाणे समोरची रांग आमच्या बरोबरीनं खात होती, तरी तिचं वजन वाढत नव्हतं. त्यांचे मोठे सर आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, “खाल्लेलं जातं कुठे? उद्या पंधरा नंबर उघडून बघू. आणि तुलनेला हा खादाड.”

उघडून म्हणजे दार उघडून नव्हे, एवढं मला कळलं. आणि लाज वाटते सांगायला, त्याही दिवशी मी जेवलो. रडत रडत जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी हातमोजे चढवले. काकांनी हातातला ट्रे खाली ठेवला.

“मॅडम, पंधरा नंबरला काही करू नका,” ते म्हणाले. “तो खातच नाही. मी खातो.”

काका स्वतःच्या जेवणाच्या डब्याबद्दल बोलताहेत असं मॅडमना वाटलं. मग काकांनी समोरची वाटी उचलली आणि त्यांच्यादेखत तीन गोळ्या चावून दाखवल्या.

मॅडम स्टुलावर बसल्या. तीन वर्षांचं काम गेलं म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी नाक पुसलं आणि वजन किती उतरलं ते विचारलं.

“सात किलो,” काका खाली मान घालून म्हणाले. “आणि मॅडम, भूकच लागत नाही हो.”

मॅडमनी तिथल्या तिथे त्यांना पोत्यांच्या काट्यावर उभं केलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, ‘पिंजरा क्रमांक सतरा : काका’. मोठ्या सरांनी ते खोडलं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही म्हणाले. आकडे बिघडले, आता हे उंदीर उघडूनही उपयोगाचे नाहीत. नवे आणा, आणि वाट्या तुम्ही स्वतः तोला.

निरुपयोगी ठरल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. काकांनी मला आणि पंधरा नंबरला घरी नेलं. सगळं ऐकून काकूंनी कपाळावर हात मारला, आणि मग पोट धरून हसत सुटल्या. आता काका सकाळी उकडलेली अंडी खातात. त्यातला वाटा आम्हालाही मिळतो, वर पंधरा नंबरच्या खाद्याचं उरलेलं पोतं आहेच.

तुम्हाला एकच विनंती आहे. कुणाच्या पाटीवर ‘खादाड’ लिहिण्याआधी त्याच्या वाटीत काय वाढलंय ते बघा. मी हावरट नव्हतो हो, मला हवं ते कुणी वाढलंच नव्हतं.

आज दुपारी मी जेवता जेवता थांबलो. आतलं कुणी काही बोललं नाही. मी मिशा पुसल्या. काका मघापासून माझ्या वाटीकडे बघत पिंजऱ्यापाशी उभे आहेत. काका, तेवढी गोळी उचलू नका. माझ्या वाटीत आज पहिल्यांदाच काहीतरी उरलंय.