चंद्रहासचा होकार

टेस पुन्हा थबकली. कापलेल्या बार्लीच्या धसकटांत पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ. म्हाताऱ्या बॅरीने बंदूक सावरली आणि लंगडत तिच्यापुढे जाऊन बुटाने काड्या चाळवल्या. काहीच उडालं नाही.

“नाक गेलं हिचं,” बॅरी म्हणाला. “सकाळपासून दुसऱ्यांदा. पक्ष्याचा वास आला की थांबायचं, तर ही पक्षी नाही तिथे उभी राहते. मंडे मॉर्निंगची व्हेटची वेळ घेतलीय, मेट. नेशील ना आम्हाला?”

“शुअर, नो वरीज,” चंद्रहास म्हणाला, आणि त्याचा त्यालाच राग आला. जनावरांच्या डॉक्टरकडे कशाला, हे त्याला ठाऊक होतं. एक इंजेक्शन, आणि टेस संपली.

“मी ठेवून घेतो तिला,” त्याने गाडीतच सांगून पाहिलं होतं.

“शिकारी कुत्रीला सोफ्यावर कुजवायचं?” बॅरीने विषय मिटवला होता.

‘नाही’ हा शब्द चंद्रहासला कधी जमलाच नाही. वडील म्हणाले, ऑस्ट्रेलियात शिकायला जा, हो म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, रविवारी शिफ्टला ये, हो म्हणाला. पंधरा वर्षं तो वेरिबीजवळच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करतोय. बायको मीनाक्षी त्याला होयबा म्हणते, आणि त्यालाही हा हो म्हणतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर शेजारच्या बॅरीचं ड्रायव्हिंग सुटलं. यंदाच्या सीझनला मला शिकारीला नेशील का, असं त्याने विचारल्यावर हा आमटी-भात खाणारा माणूस हो म्हणून मोकळा झाला.

शिकार क्वेलची, म्हणजे आपल्याकडच्या लावरीची. बॅरी चाळीस वर्षं याच शेतांत येत होता. पूर्वी पाऊल टाकलं की लावऱ्या भर्रकन उठायच्या. परवा-परवापर्यंत डझनभर मिळायच्या, गेल्या वर्षी दोन. सगळा दोष टेसच्या माथी.

चौथ्या शेतात शिरले आणि चंद्रहासचा फोन वाजला. बॅरी बराच मागे होता, आणि बंदुकीच्या आवाजांनी त्याचे कान निम्मे गेलेले.

“अरे, सुखदाकडे सातला पोचायचंय,” मीनाक्षी म्हणाली. “लक्षात आहे ना?”

“हो.”

वीस पावलांवर धावत असलेली टेस जागच्या जागी खिळली.

“येताना इंडियन स्टोअरमधून कोथिंबीर घे. ऐकतोयस ना?”

चंद्रहास ऐकत नव्हता. सकाळी कामावरच्या अपूर्वचा फोन आला, तेव्हा टेस पहिल्यांदा थांबली होती. मग मीनाक्षीने सोफ्याच्या डिलिव्हरीचं विचारलं, तेव्हा दुसऱ्यांदा. त्याने फोन बंद केला. हात हलवून टेसला पुढे पाठवलं. ती पळत सुटली. त्याने बेताच्या आवाजात म्हटलं, “हो.”

टेस थांबली. पाय उचललेला, शेपटी ताठ.

त्याला आठवलं. सकाळी गाडीतून उतरताना बॅरीने तिला थांबवलं होतं, ‘व्होऽ’ म्हणून. त्याचं थांब ते आपलं हो. आपण बायकोला हो म्हणत राहिलो आणि इथे एक जीव जाणार होता. सोमवारी तिला धरायलाही आपणच असतो.

तो धावतच बॅरीकडे गेला. “बॅरी, चूक माझी आहे. आमच्या भाषेत येसला हो म्हणतात. तिला वाटतं, तूच थांबवतोयस.”

“काय म्हणतात?”

“हो!”

पलीकडे पुन्हा पळायला लागलेली टेस थांबली. बॅरीने त्याला तीनदा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा ती थांबली. चंद्रहासला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बॅरी मात्र हसत नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“म्हणजे तिचं नाक ठीक आहे.”

“एकदम फर्स्ट क्लास, बॅरी.”

“म्हणजे आज तिने एकदाही पक्षी दाखवलेला नाही,” बॅरी सावकाश म्हणाला. “चार शेतं झाली.”

चंद्रहासचं हसू विरलं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बॅरीने बंदुकीतली काडतुसं काढली, बंदूक जमिनीवर ठेवली आणि तो एकटाच निघाला. कुत्र्यासारखा डावीकडे, उजवीकडे, पायाने धसकटं उडवत, दुखऱ्या खुब्यावर कलत पार टोकाच्या कुंपणापर्यंत गेला. परत येताना दुसऱ्या बाजूने आला. चंद्रहास टेसचा पट्टा धरून उभा होता. मनात तो म्हणत होता, एक तरी उठू दे. एकही उठली नाही.

परत आल्यावर बॅरीने धाप ओसरू दिली. मग टोपी काढून फोन लावला.

“मंडेची वेळ कॅन्सल करा.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, शी इज फाइन.” त्याने शेताकडे पाहिलं. “इट्स नॉट द डॉग.”

पलीकडचा फोन केव्हाच ठेवला गेला होता. बॅरीने आपला मात्र कानाला तसाच धरून ठेवला होता.