बारक्याच्या चौदा गिटारी

बारक्याच्या घरात मागची खोली गिटारींची होती. एकूण चौदा. काही भिंतीवर, काही पेट्यांमध्ये, काही नुसत्याच कोपऱ्यात टेकवलेल्या. बारक्या आता छप्पन्न वर्षांचा होता आणि जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गिटार वाजवत आला होता. लग्न त्याने केलंच नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "घर आधीच भरलंय, ती बिचारी बसणार कुठे?"

यंदा त्याच्या डाव्या मनगटातली शीर दबली आणि तीन बोटं बधिर झाली. ऑपरेशन ठरलं. तीन-चार दिवस दवाखान्यात राहावं लागणार, म्हणून थोरली बहीण, ताई, घर सांभाळायला आली. ताई चौतीस वर्षं नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली.

निघताना बारक्याने तिला खोलीच्या दारात उभं केलं. "खिडकी उघडायची नाही, बाहेरच्या हवेने लाकूड फुगतं. काही पुसायचं नाही. हात तर लावायचाच नाही."

"मग मी करायचं काय?"

"सकाळ-संध्याकाळ नुसतं डोकावून जायचं."

"पेशंटकडे बघतात तसं?"

"तसंच."

पण ताईला कोंदट खोली सोसवेना. आयुष्यभर तिने वॉर्डात शिरताक्षणी आधी खिडक्याच उघडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मनाशी म्हटलं, अर्धा तास हवा खेळली तर काय आकाश कोसळतंय, आणि खिडकी उघडली. तेवढ्यात नोकरीतल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. दोघींचं बोलणं निघालं ते सगळ्या डॉक्टरांची उणीदुणी काढूनच थांबलं. तीन तास झाले होते.

आतून कट्ट असा आवाज आला.

ताई धावली. भिंतीवरच्या तपकिरी गिटारीची, तारा खाली जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, उखडून तारांनाच लोंबकळत होती. चौदांमधून नेमकी हीच. नोकरीच्या पहिल्या पगारातून तिने स्वतः बारक्याला आणून दिलेली.

तिने खिडकी लावली आणि तिथेच जमिनीवर बसली.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. ऑपरेशन सकाळीच झालं होतं; कोपरापर्यंत बँडेज बांधलेला हात उशीवर ठेवून बारक्या पडला होता.

"माझी मंडळी कशी आहेत?" त्याने विचारलं.

"मजेत," ताई म्हणाली. पेशंटच्या किती नातेवाइकांना तिने वाईट बातम्या हलक्या हाताने सांगितल्या होत्या, पण आज जीभच उचलेना.

सकाळी तिने गिटार गोधडीत गुंडाळली, लहान मूल घ्यावं तशी कवटाळून बसमध्ये बसली आणि दुरुस्तीवालीचं दुकान गाठलं. बारक्या नेहमी हिच्याचकडे यायचा. तळघरातली एवढीशी जागा, सगळीकडे लाकडाचा भुसा, शेगडीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं. दुरुस्तीवालीने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, छोटा आरसा गिटारीच्या पोटात घालून बराच वेळ पाहिलं.

"ही आधी कुणी चिकटवली होती?"

"कुणीच नाही. नवीकोरी आणली होती मी."

"कारखान्यात असलं काम करत नाहीत. हा शाळेतल्या मुलांचा गोंद आहे. वर दोन बारीक खिळे ठोकलेत. आणि आतून हे बघा, पुठ्ठ्याचा तुकडा. तोही बुटांच्या खोक्याचा, नंबर दिसतोय."

ताईने आरशात पाहिलं. खरंच नंबर दिसत होता.

"म्हणजे खिडकी तीन तास उघडी राहिली, त्यामुळे नाही?" तिने चाचरत विचारलं.

"तीन तासांच्या वाऱ्याने काय होतंय? ही आज ना उद्या सुटणारच होती. उलट बरं झालं, नुसती पट्टीच निघाली. वरची फळी घेऊन निघाली असती तर मीसुद्धा हात टेकले असते. नीट होईल. पहिल्यापेक्षा चांगली होईल."

ताईने पाणी मागितलं आणि दोन पेले घटाघटा प्यायली. छातीवरचा दगड उतरला होता. कालपासून आपण काही खाल्लेलं नाही, हे तिला आत्ता आठवलं.

दवाखान्यात पोचल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. खिडकी, फोन, कट्ट, गोंद, पुठ्ठा.

"मीच चिकटवली होती," बारक्या म्हणाला. "तू दिल्यावर दोन महिन्यांतच. खुर्चीला टेकवून ठेवली होती, पडली. तू तेव्हा महिनाभर रात्रपाळ्या करत होतीस. तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

"म्हणून नंतर कधी वाजवली नाहीस?"

"तारा पूर्ण ताणायचीच भीती वाटायची. सुटली तर तुला कळेल म्हणून."

"आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, तुला ती आवडलीच नाही." ताई म्हणाली. "दरवेळी बघायची, भिंतीवर आपली शोभेला. वाटायचं, आपल्याला यातलं कळत नाही, भलतीच उचलून आणली असेल."

"आवडली नाही?" बारक्या कुशीवर वळू पाहत होता, तिने त्याला दाबून झोपवलं. "अगं, ती आली म्हणून तर बाकीच्या तेरा आल्या."

मग बारक्याला हसू फुटलं, त्याच्या मागोमाग ताईला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलली आणि ड्युटीवरची नर्स दारातून म्हणाली, "आजी, जरा हळू." आजी म्हटल्याचंही ताईला त्या दिवशी वाईट वाटलं नाही.

"तीन तास?" बारक्याने डोळे पुसत विचारलं. "आणि बाकीच्या?"

"ठणठणीत. एकेक तपासून आले."

पुढच्या महिन्यात गिटार घरी परतली. बँडेज निघालं होतं, बोटांत मुंग्या येऊन हळूहळू जाग येत होती; मधलं बोट मात्र अजून आळशीपणा करत होतं. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं वाजवा, येईल वळणावर. ताई मुद्दाम भेटायला आली. बारक्याने खुंट्या पिळत तारा पूर्ण ताणल्या, जरा थांबला, पट्टीकडे पाहिलं आणि उजव्या हाताने सगळ्या तारा एकदम छेडल्या.

"कसा आहे आवाज?"

"मला काय कळतंय त्यातलं," ताई म्हणाली. "मोठा आहे."

"हो ना," बारक्या म्हणाला. "इतका मोठा असेल, मलाही माहीत नव्हतं."