अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

३. बाकी १.
रसायनीच्या एका कारखान्यात मी आणि पारूबाई ड्रमवर लेबलं चिकटवतो. बुधवारी माझ्या लेबलावर नंबर आला १११११११. सात एक्के. मी बोलून बसले, "याला कशानंच भाग जाणार नाय."

७. बाकी १.
"सात एक्के हायत, सातानं जाईलच की गं," पारूबाई म्हणाल्या. गेला नाही.
"शनिवारपर्यंत तुजं खोटं निघालं तर?"
"तर बसमधली माझी खिडकी तुमची. वर्षभर."
बोलले खरी. खिडकी नसली की मला गाडी लागते. खालापूरपासून पाऊण तास.

११. बाकी १.
१३. बाकी १.

एवढं ऐकून आमच्या बसचा ड्रायव्हर रुपेश म्हणाला, "तुमचा एक पॅसेंजर उतरतच नाय."

२९. बाकी ५.
शुक्रवारी पारूबाईंनी हात टेकले. "माजे पाढे तिसापर्यंतच. जिंकलीस, जा."

जिंकले. पण तिसाच्या पुढे काय? नंबर दोन तुकड्यांत तुटला, तर धाकटा तुकडा १०५५ च्या आतच सापडणार; दोन्ही त्याहून मोठे असले तर गुणाकार नंबरच्या पुढे जातो. म्हणजे तेवढंच बघायचं. तेवढंच!

२३३. बाकी १६७.
शनिवार सकाळ. चौक गाव मागे पडलं. खराब लेबलाच्या पाठीवर माझा भागाकार चाललेला, पारूबाई शेजारी पेंगत होत्या.

२३९.
भाग ४. भाग ६. भाग ४. उरले २१५, वरून एक एक्का खाली घेतला, २१५१.
२३९ नव्वे?
२१५१.
बाकी

काही नाही. पुन्हा केलं. तरी काही नाही. लेबल चुरगळून खिडकीबाहेर टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण मग हे सांगायचं कुणाला?

"पारूबाई, उठा. तुटला."
"कोन तुटला?"
"दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास."
"थापा नको मारू." त्यांनी पेन हिसकावला, मांडीवर लेबल धरून गुणाकार केला. गाडी उसळायची, आकडे तिरके व्हायचे. शेवटची बेरीज आली तशा त्या एकेका एक्क्यावर पेन टेकवत गेल्या. सात भरले.
"बया गं," त्या हळूच म्हणाल्या. "ऊठ, खिडकी सोड."

मी उठले, त्या खिडकीत सरकल्या. पहिलंच वळण आलं.
"हा चार हजारवाला तरी तुटतो का गं?" त्यांनी विचारलं.
अडुसष्टपर्यंत बघितलं की झालं. मी ओढणी तोंडाशी धरली आणि दुसऱ्या हातानं पेन मागितला.